खारजाई कोणाची

पहिलंच सांगते, कुलूप मी लावलं. सासूने नाही, नवऱ्याने नाही, आमच्या वकीलबाईंनीही नाही. आळीत अजून काही जण म्हणतात की धनेशने लावलं. धनेश माझा नवरा. तो स्वतःच्या बाईकला कुलूप लावायला विसरतो, तो देवळाला कुठलं लावतोय! मी, विनिताने लावलं. नावानिशी सांगते, म्हणजे उगाच दुसऱ्या कोणावर नको.

आमचं घर माजिवड्याच्या जुन्या गावठाणात. चारी बाजूंना टॉवर, मध्ये आमची आळी, आणि आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून खारजाईचं देऊळ. देऊळ म्हणजे काय, एक दहा बाय आठची खोली, वर पत्रा, आत शेंदराची शिळा. धनेशच्या खापरपणज्याला ती मिठागरात सापडली आणि त्याने ती आपल्या घराशेजारी आणून बसवली. तेव्हा सगळी आळी मिठागरावर राबायची. कामाच्या वेळा ठरवायची खाडी, घड्याळ नाही. कोणी पहाटे परतायचं, कोणी भर दुपारी, आणि परतलेला माणूस घरी जायच्या आधी देवीपुढे चिमूटभर मीठ ठेवायचा. म्हणून खारजाईच्या दाराला कडी कधी बसवलीच नाही. कुत्री शिरू नयेत म्हणून एक धोंडा लावून ठेवायचा. येणाऱ्याने धोंडा सरकवावा, मीठ ठेवावं, जाताना परत लावावा. विचारायचं कोणाला नाही. मिठागरं बंद होऊन जमाना झाला, पण लोक अजून मीठ आणतात. आता दुकानातलं आणतात, पिशवीतलं, एवढाच फरक.

देवीचं सगळं करायची माझी सासू ठमाबाई. सोळाव्या वर्षी लग्न होऊन आली आणि तिच्या सासूने, रखमाबाईने, पहिल्याच महिन्यात देवीचं काम तिच्या हातात दिलं. पाचला उठायचं, डोक्यावरून आंघोळ करायची, ओल्या केसांनी देवीला न्हाऊ घालायचं, मंगळवारी तेल-शेंदूर चढवायचा. चोपन्न वर्षं. बाळंतपणं आणि सुतकं सोडली तर एक सकाळ चुकली नाही. आमचं दोघींचं फार गूळपीठ होतं असं कोणी समजू नये. माझ्या हातचं बोंबलाचं कालवण तिला वीस वर्षांत एकदाही आवडलेलं नाही. पण ती देवीपुढे बसलेली असली की मी तिच्याशी भांडायला जात नसे. तेवढं मला कळायचं.

भानगड सुरू झाली नवरात्रात. कोणीतरी देवळाचं रील काढलं आणि ते पार डोंबिवलीपर्यंत फिरलं. अष्टमीला रांग सर्व्हिस रोडला गेली, धक्काबुक्कीत एका बाईचा पाय मोडला. आठवडाभराने समोरच्या टॉवरमधला सूरज घरी आला. सोसायटीचा सेक्रेटरी, चाळिशीचा, बोलायला नम्र. त्याची बायको समृद्धी दर मंगळवारी मीठ घेऊन यायची. तो सासूला म्हणाला, काकी, देऊळ आता सगळ्यांचं झालंय, ट्रस्ट नको का, रेलिंग नको का, उद्या चेंगराचेंगरी झाली तर जबाबदार कोण? सासूने त्याला चहा दिला, बघू म्हणाली. विषय तिथेच संपला असता. पण मला राहवलं नाही. मी आतून बाहेर आले आणि म्हटलं, तुमच्या पार्किंगमध्ये रोज मारामाऱ्या होतात त्याची व्यवस्था आधी लावा, मग आमच्या देवीच्या दारात या. अजून बरंच बोलले. माझ्या तोंडाचा पट्टा सुटला की सुटला. सूरज चहा अर्धा टाकून गेला, आणि दोन महिन्यांनी आम्हाला नोटीस आली. त्याने धर्मादाय ऑफिसात अर्ज केला होता: देऊळ सार्वजनिक आहे, नोंदणी करा, आणि कमिटी बसेपर्यंत सरकारतर्फे प्रशासक नेमा. म्हणजे सुरुवातही माझ्याच जिभेने झाली, हे पण धरा.

धनेशने नोटीस वाचून दाखवली. सासूने विचारलं, सरकार देवीला उचलून नेतंय का? तो म्हणाला, नाही गं आई, देवी इथेच. फक्त दार कधी उघडायचं, पूजा कोणी करायची, आत कोणी जायचं, हे ते ठरवणार.

"आन् मी?" ती म्हणाली.

धनेशने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, तुम्ही काळजी करू नका, मी आहे ना.

मग पक्षवाले आले. एका पक्षाने आळीच्या तोंडावर ‘मंदिर मुक्त करा’चा बॅनर लावला, सासूच्या गळ्यात हार घातला, फोटो काढले. दुसऱ्या पक्षाचा माणूस येऊन समजावून गेला की लोकशाही आहे, लोकांचं देऊळ लोकांच्या हातात जातंय, यात वाईट काय? मी त्याला विचारलं, प्रशासक कोणत्या लोकांनी निवडून दिलाय, मला मतदान केलेलं आठवत नाही. तो हसला आणि निघून गेला. निवडणूक झाली, बॅनर फाटला, त्यानंतर दोघांपैकी एकही फिरकला नाही.

आम्ही वकील केल्या सरोज मॅडम. त्यांनी नीट समजावलं. लोक जर हक्काने येत असतील तर देऊळ सार्वजनिक, मग सरकारचे नियम लागू. लोक तुमच्या परवानगीने येत असतील, तुम्ही कोणाला नाही म्हणू शकत असाल, तर ते तुमचं घरचं. सगळी केस एवढ्यावर. त्या म्हणाल्या, जे आहे ते सांगा, आणि मग सहज विचारलं, "दाराला कुलूप असतं ना?"

"असतं की," मी म्हटलं.

धनेशने मान वर केली. मी टेबलाखाली त्याच्या पायावर पाय दिला. मॅडमनी लिहून घेतलं. आता एकदा बोलले म्हटल्यावर ते खरं करायला नको? बाहेर पडल्या पडल्या मी हार्डवेअरच्या दुकानात गेले, कडी घेतली, कुलूप घेतलं, आणि संध्याकाळी सुतार बोलावून बसवलं सुद्धा. कडी नवी दिसू नये म्हणून तिला तेल आणि शेंदूर फासला. लाज वाटते सांगायला, पण तेव्हा मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं.

सासू ओट्यावरून बघत होती. म्हणाली, ये कोनासाठी? मी सांगितलं, ऑफिसचा माणूस पाहणीला येणार आहे, केस संपेपर्यंत राहू द्या, चावी आपल्याकडेच तर आहे, कोणी आलं की मागेल. पाहणीचा माणूस आला, कुलपाचा फोटो काढून गेला. मला वाटलं, जिंकलोच.

सुनावणीच्या पंधरा दिवस आधी सासूच्या डोळ्याची तपासणी होती, वर्तकनगरला. मी देवळाला कुलूप घातलं आणि तिला घेऊन गेले. परतायला दोन वाजले. देवळाच्या पायरीवर मिठाची पिशवी होती आणि तिच्याखाली हळद लावलेली लग्नाची पत्रिका. शेजारची मालन धावत आली. म्हणाली, केशरबाई आलेली. केशरबाई म्हणजे सासूची मिठागरावरची जोडीदारीण, दोघींनी एका पाटीला हात लावून मीठ वाहिलेलं. आता ती मोहन्याला लेकीकडे असते. मोहनं माझं माहेर, त्यामुळे तिथून इथे यायचं म्हणजे काय ते मला माहितीय. कल्याणपर्यंत रिक्षा, मग बस, मग परत रिक्षा, आणि केशरबाईचे दोन्ही गुडघे गेलेले. नातवाच्या लग्नाची पहिली पत्रिका देवीला द्यायला ती एकटी आली होती. दार ओढून बघितलं, कुलूप दिसलं, आणि पायरीवर बसून राहिली. मालन घरात ये म्हणाली तर आली नाही. दीड तास बसली आणि शेवटी तिने मालनला विचारलं, ठमा गेली का गं? कारण खारजाईचं दार बंद म्हटल्यावर तिला दुसरं काही सुचलंच नाही. मालनने सांगितलं, नाही, डॉक्टरकडे गेलीय. तेव्हा केशरबाई म्हणाली, मग कुलूप कशाला लावला? केशरबाई पत्रिका ठेवून निघून गेली.

सासूने ती पत्रिका हातात घेतली आणि पायरीवरच बसली. मी म्हटलं, फोन लावून देते. नको म्हणाली. मोहन्याला घेऊन चल म्हणाली. मी म्हटलं, सुनावणी होऊ दे, मग आपण दोघी जाऊ, आहेरही करू. त्या दिवशी ती जेवली नाही. माझ्याशी बोलणंही तिने बंद केलं. मला वाटलं, होईल ठीक. माझ्या डोक्यात केसशिवाय काही शिरतच नव्हतं.

आणि खरं सांगू? मला उलट बरंच वाटलं होतं. म्हटलं, चला, एक तरी माणूस परत गेलं. साक्षीत कामाला येईल. असला विचार माझ्या मनात आला, देवीच्या भिंतीला टेकून बसलेली असताना आला.

रोज सकाळी मी तिची तयारी करून घ्यायचे. मी वकील व्हायचे, ती साक्षीदार. देवी कोणाची? आमची घरची. लोक कसे येतात? आमाला इचारून. कोणाला परत पाठवलंय का? हाव, कैक जनांना. शाळेतल्या पोरीसारखी तिने सगळं पाठ केलं. एकही उत्तर चुकत नव्हतं. मी धनेशला म्हटलं, बघ, आई तयार झाल्या. तो म्हणाला, विनिता, ती तुझ्याकडे बघत नाही उत्तर देताना. मी म्हटलं, साहेबांकडे बघायचंय तिला, माझ्याकडे बघून काय करायचंय?

सुनावणीला धर्मादाय ऑफिसातल्या साहेबांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. माणूस भला होता, खोटं का बोलू. शपथ झाली. सरोज मॅडमनी विचारलं तेव्हा सासूने सगळं घोकल्याप्रमाणे सांगितलं. देवी घरची, लोक विचारून येतात, चावी आमच्याकडे. मी मागच्या बाकावर देवाचं नाव घेत होते. मग सूरजचा वकील उठला. तरुण पोरगा, आवाज पण चढवला नाही.

"आजी, चोपन्न वर्षांत तुम्ही कोणाला देवीच्या दारातून परत पाठवलंय?"

मी मनात म्हणतेय, बोल, कैक जनांना, बोल. तिने पदर नीट केला.

"हाव," ती म्हणाली. "एकीला."

वकिलाला ते अपेक्षित नव्हतं. तो म्हणाला, कोणाला?

"केशरबाईला. म्हैना झाला नाय अजून. मोहन्याशी आयलेली, पाय धड नाय तिचे. दारान कुलूप बघून तिला वाटला मी मेली. कुलूप आमचे दाराला कवाच नव्हता. सुनंनं लावला, ये तुमचे कोर्टाचे केससाठी."

टाइप करणारी बाई थांबली. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि हळू आवाजात विचारलं, आजी, मघाशी तुम्ही परवानगीचं बोललात, ते? ती म्हणाली, ते मना शिकवलेला. सगळ्या खोलीने मागे वळून माझ्याकडे बघितलं. सूरजने तेवढी मान खाली घातली.

साहेब म्हणाले, आजी, तुम्ही हे जे सांगताय त्याचा परिणाम तुम्हाला समजतोय ना? देऊळ सार्वजनिक ठरेल. मग पूजा तुमच्याकडे राहीलच असं नाही.

"समजतंय," ती म्हणाली. "मना देवी पायजे, सायेब. मना दुसरा काय येत नाय. पन माझे सासूनं सांगलेला, दारान आयलेला मानूस देवीचा. चोपन्न वर्सां मी एक मानूस परत नाय धाडला. एक धाडली, ती तुमचे कागदासाठी. आता परत नाय व्हयाचा माझ्याकडून."

अंगठा कुठे द्यायचा ते तिला नीट दिसेना, तेव्हा साहेबांनी स्वतः तिचा हात धरून जागेवर नेला.

बाहेर आल्यावर सरोज मॅडम मला एवढंच म्हणाल्या, कुलपाचं तुम्ही मला खोटं सांगितलंत. फाईल घेऊन त्या निघून गेल्या. आणि मी काय केलं? मी सासूवर ओरडले. भर जिन्यात, सगळ्या लोकांसमोर. झालं समाधान? घालवलीत देवी! बसा आता घरी हात जोडून! धनेशने माझा दंड धरला, आयुष्यात पहिल्यांदा. सासू जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती.

दोन महिन्यांनी निकाल आला, नऊ पानांचा. मी सगळा वाचला, दोनदा वाचला. साहेबांनी लिहिलं होतं की साक्षीदार ठमाबाई या सत्यवचनी असून त्यांच्या साक्षीवर पूर्ण विश्वास ठेवावा असे या कार्यालयाचे मत आहे. दार कोणासाठीही कधी बंद नव्हतं, हीच देऊळ सार्वजनिक असल्याची खूण आहे. तिच्या खरेपणाची एवढी तारीफ कोणी आजवर केली नव्हती, मी तर नाहीच नाही. आणि त्याच तारिफेच्या जोरावर देवी तिच्या हातातून गेली.

कोणाला शिव्या द्यायच्या म्हटलं तर तशीही सोय नाही. प्रशासक काही राक्षस नाही. रेलिंग लावलं, लाद्या बसवल्या, बायकांसाठी वेगळी रांग केली. दार सकाळी साडेसहाला उघडतं, बाराला बंद होतं, चारला उघडतं, आठला बंद. मीठ आणायला मनाई, लादीवर ओल येते म्हणून. पूजेला शिकलेला पुजारी ठेवलाय, आणि गाभाऱ्यात त्याच्याशिवाय कोणी जायचं नाही. मी अर्ज लिहिला की माझ्या सासूला फक्त सकाळची आंघोळ घालू द्या, बाकी काही नको, अर्धा तास. सात वेळा खेटे घातले. प्रशासक शेवटी म्हणाले, ताई, मला पण वाईट वाटतं, पण नियम सगळ्यांना सारखा. आज यांना आत सोडलं तर उद्या पन्नास जण मागतील. यांना रांगेत उभं राहायला लावणार नाही, खुर्ची देतो. सूरज सुद्धा माझ्यासोबत गेला होता दोनदा. जिन्यात मला म्हणाला, वहिनी, मला फक्त रेलिंग हवं होतं हो. त्याच्यावर ओरडावं एवढाही जीव माझ्यात उरला नव्हता. अपील केलंय. सरोज मॅडमच्या पाया पडले तेव्हा त्यांनी घेतलं. चार-पाच वर्षं लागतील म्हणाल्या. सासू सत्तरीची आहे.

प्रशासकाने ताबा घेतला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पाचला जागी झाले. मोरीत पाण्याचा आवाज. सासू डोक्यावरून आंघोळ करून आली, केस पुसले नाहीत, आणि स्वयंपाकघरात देवळाकडच्या भिंतीशी खाली बसली. सहा वाजता पलीकडे बादली वाजली. पुजाऱ्याने तांब्या ओतल्याचा आवाज भिंतीतून स्पष्ट येत होता. तिने भिंतीला हात लावला.

"गार पानी घालतंय," ती म्हणाली. "मी कोमट करून न्यायची."

मी सांगते म्हटलं पुजाऱ्याला, आज सांगते. सांगितलं सुद्धा. तो बरं म्हणाला. त्याच्याकडे शेगडी नाही.

याला आता आठ महिने झाले. ती अजून पाचला उठते. मी किती सांगितलं, आई, झोपा, थंडी आहे. झोपच येत नाही म्हणते. त्या जिन्यातल्या बोलण्याबद्दल तिने मला एका शब्दाने विचारलं नाही, कुलपाबद्दलही नाही. चार शिव्या हासडल्या असत्या तर मी पाय तरी धरले असते. ती आंघोळ करते, ओल्या केसांनी भिंतीशी बसते, आणि मी चहा ठेवायला आले की माझ्याकडे बघून विचारते. रागाने नाही, खरंच विचारते, पोरीने आईला विचारावं तशी.

"विनिता, मी उठलेली हाय. आता काय करू?"

सगळ्या जगाला तोंडावर उत्तर देणारी बाई मी. मी गॅसकडे तोंड करून उभी राहते आणि चहा उकळायची वाट बघते.